जुनी हार्ड डिस्क काढल्यावर कॉम्प्युटर सुरू होत नसेल तर

जुनी हार्ड डिस्क कटकट वाजू लागली म्हणून काढून ठेवली. विंडोज एसएसडीवर आहे, सी ड्राइव्ह तिथेच आहे, टॅलीचा डेटाही आधीच उचलून घेतला. बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर एकच ओळ: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. डिस्क परत जोडली की सगळं सुरळीत. दुकानदार विचारतो, "काय भो, नवी डिस्कपण गेली का?"

नवी डिस्क गेलेली नाही. जळगाव-धुळ्याकडे दुकानांत, सेवा केंद्रांत, केळीच्या आडतीवर जे असेंबल केलेले पीसी चालतात, त्यातल्या बऱ्याच जणांचा इतिहास सारखाच असतो. आधी ५०० जीबी नाहीतर १ टीबीची हार्ड डिस्क, मग कधीतरी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी जोडून तिच्यावर विंडोज टाकलेलं, आणि ते टाकताना जुनी डिस्क जोडलेलीच ठेवलेली. गोम इथेच आहे. विंडोजच्या सेटअपला जोडलेल्या एखाद्या डिस्कवर बूट पार्टिशन, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या फाइलींचा कप्पा, आधीच तयार सापडलं, तर तो बहुतेक वेळा नवं बनवत बसत नाही, त्यातच आपल्या फाइली टाकतो. विंडोज राहतं एसएसडीवर आणि त्याला उठवणाऱ्या छोट्याशा फाइली जुन्या डिस्कवर. घर नवं बांधलं, पण कुलपाची किल्ली जुन्या घराच्या खुंटीलाच राहिली, असा हा प्रकार.

डिस्क अजून आतच असेल तर आधी हे बघा

विंडोज चालू असताना स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. प्रत्येक पार्टिशनच्या चौकोनात कंसात काही शब्द दिसतात. त्यातले ‘सिस्टिम’ आणि ‘बूट’ हे दोन शोधा. यात भल्याभल्यांची फसगत होते, कारण नावं उलटी वाटतात. ‘बूट’ लिहिलेलं असतं ते विंडोज जिथे आहे ते पार्टिशन, आणि ‘सिस्टिम’ लिहिलेलं असतं ते बूट फाइलींचं पार्टिशन. दोन्ही शब्द एकाच डिस्कच्या ओळीत असतील तर जुनी डिस्क बिनधास्त काढा. ‘सिस्टिम’ हा शब्द जुन्या डिस्कच्या ओळीत दिसला, तर ती काढल्यावर मशीन उठणार नाही हे आताच समजून घ्या आणि खाली दिलेली दुरुस्ती डिस्क काढण्याआधीच करून टाका. चालत्या विंडोजमधून ती दहा मिनिटांत होते.

जुन्या डिस्कवरच्या डी ड्राइव्हवर आणखी काय काय अडकलंय तेही याच वेळी तपासा. डॉक्युमेंट्स किंवा डाउनलोड्स फोल्डर डीवर हलवलेलं असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशनच्या पानावर ‘रिस्टोअर डिफॉल्ट’ करा. टॅलीच्या डेटाचा पत्ता डीवर असेल तर फोल्डर सीवर कॉपी करून टॅलीतही नवा पत्ता द्या, नुसती कॉपी पुरत नाही. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) डीवर असली तर घाबरायचं कारण नाही, विंडोज सीवर तात्पुरती बनवतं आणि तसा संदेश दाखवतं.

काढून झाली आणि बंद पडलंय: पडद्यावर काय दिसतं?

पडदाच येत नसेल, नुसते बीप वाजत असतील किंवा पंखा फिरून थांबत असेल, तर बूट फाइलींशी याचा संबंध नाही. डिस्क काढताना हाताच्या धक्क्याने रॅम सरकलेली असू शकते. रॅम काढा, सोनेरी पट्टी साध्या खोडरबरने पुसा, मऊ ब्रशने खाच साफ करा आणि दोन्ही बाजूंचा खटका वाजेपर्यंत परत बसवा. जिनिंगजवळच्या ऑफिसांतल्या सीपीयूमध्ये कापसाचे तंतू आणि धूळ यांची गादीच बसलेली असते, ती ढवळली गेली की रॅमच्या खाचेत जाते. आधी ती ब्लोअरने उडवा, पण पंखा बोटाने धरून ठेवा. हवेने गरगर फिरलेला पंखा वीज उलटी पाठवू शकतो.

‘नो बूटेबल डिव्हाइस’, ‘ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड’ किंवा वर लिहिलेला ‘रीबूट अँड सिलेक्ट’ आला, तर बायोसला, म्हणजे मदरबोर्डमधल्या कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमला, बूट फाइली सापडत नाहीत. कारण तीनपैकी एक: फाइली जुन्या डिस्कवर गेल्या, बूट ऑर्डर (कुठल्या डिस्कवरून आधी सुरू करायचं तो क्रम) चुकली, किंवा एसएसडीची वायर निघाली.

निळ्या पडद्यावर शेवटी ‘ई’ असलेला सी००००००ई हा कोड आला, तर बूट फाइली सापडल्या, पण त्यांत लिहिलेला विंडोजचा पत्ता जागेवर नाही. क्लोन केलेल्या, म्हणजे जुनीची हुबेहूब नक्कल उतरवलेल्या, डिस्कवर हे नेहमी दिसतं. इलाज तोच, बूट फाइली नव्याने लिहिणं.

विंडोजचा लोगो येऊन मग ‘इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं, तर संशय साटा मोडवर, म्हणजे डिस्क जोडायच्या साटा पोर्टच्या बायोसमधल्या सेटिंगवर, घ्या. त्याचं कारण पुढे सेलच्या भागात येईल.

पहिली कृती: डिस्क परत जोडा

वायर काढा, पॉवर बटण दहा-पंधरा सेकंद दाबून ठेवा, कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा आणि मगच आत हात घाला. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा इतकी कोरडी असते की अंगावरची स्थिर वीज एसएसडीला सहज झटका देते. जुनी डिस्क पूर्वीच्याच साटा पोर्टला जोडून बघा. मशीन उठलं तर निदान झालं, बूट फाइली जुन्या डिस्कवरच आहेत. जोडूनही उठलं नाही, तर काढता-घालताना दुसरंच काही बिघडलंय, मग आधी वायरी आणि बायोस बघायचे. या एका चाचणीने निम्मं काम होतं, तरी लोक ती टाळतात आणि थेट फॉरमॅटला हात घालतात. फॉरमॅट करू नका, दोन्हींपैकी कुठल्याही डिस्कला.

वायरींबद्दल एक बारीक गोष्ट. साटाची डेटा वायर बिनखटक्याची असेल तर शेजारची वायर ओढताना तीही अर्धी बाहेर येते, आणि दिसायला मात्र जोडलेलीच दिसते. एसएसडीकडची आणि मदरबोर्डकडची अशी दोन्ही टोकं दाबून बघा. एसएमपीएसकडून, म्हणजे पॉवर सप्लायच्या डब्याकडून, येणारी पॉवरची वायर एकाच माळेत दोन डिस्कला जाते, जुनी काढताना त्या माळेचं एसएसडीकडचं टोकही हललेलं असू शकतं. काही मदरबोर्डवर एम.२ खाचेत एसएसडी बसवली की एखादा साटा पोर्ट आपोआप बंद होतो. त्यामुळे डिस्क भलत्याच पोर्टला लावून ‘दिसत नाही’ म्हणून बसू नका.

सेलचा खेळ

डिस्क काढायची म्हणजे वायर काढायची. वायर काढली की मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल एकटा पडतो. तो ३ व्होल्टचा सीआर २०३२ सेल पाच-सात वर्षांचा झाला असेल तर त्यात दम उरलेला नसतो. इतके दिवस भिंतीतल्या विजेवर बायोसच्या सेटिंग टिकून होत्या, वायर निघताच त्या पुसल्या गेल्या. दोष मात्र डिस्कच्या माथी येतो. ज्या गावांत रोज तासन्‌तास भारनियमन होतं तिथे हा सेल लवकर संपतो, कारण वीज नसताना सगळा भार त्याच्यावरच असतो.

ओळखायचं कसं? बायोसमध्ये जाऊन तारीख बघा. ती पाच-दहा वर्षं मागे गेली असेल तर सेल मेलेला आहे. मीटर असेल तर मोजा, २.७ व्होल्टच्या खाली आलेला बदलून टाका. सेल कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. त्यावर सीआर २०३२ असंच लिहिलेलं असावं, सीआर २०२५ घेतला तर तो पातळ असतो आणि खाचेत सैल बसतो.

नवा सेल टाकून तारीख लावली तरी काम संपत नाही. बायोस कारखान्यातून आला तसा झालेला असतो, आणि त्यात तीन जागा घात करतात. साटा मोड आधी एएचसीआय असताना आता आयडीई किंवा रेड झाला असेल, की मग तो इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइसचा निळा पडदा. बूट मोड आधी लेगसी (सुरू व्हायची जुनी पद्धत) असताना आता यूईएफआय (नवी पद्धत) झाला असेल, किंवा उलट. आणि बूट ऑर्डर. पहिल्या दोन्ही पूर्वी होत्या तशाच ठेवायच्या. पूर्वी काय होतं ते ठाऊक नसेल तर साटा मोड एकदा एएचसीआय आणि एकदा दुसरा, असं करून बघा, त्याने डेटाला धक्का लागत नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या लॅपटॉपवर हीच गोष्ट व्हीएमडी नावाने येते, तिथेही नियम तोच, पूर्वी होतं तसं.

बायोसमध्ये शिरायचं बटण कंपनीगणिक वेगळं असतं. असेंबल पीसीवर बहुतेक वेळा डिलीट. डेलवर एफ२, आणि बूटची यादी एफ१२ वर. एचपीवर एस्केप दाबून एफ१० किंवा एफ९. लेनोव्होवर एफ१ किंवा एफ२, यादीला एफ१२.

जुन्या बोर्डांच्या बायोसमध्ये आणखी एक फसवी जागा आहे. बूट ऑर्डरच्या यादीत हार्ड डिस्क म्हणून एकच नाव दिसतं, एसएसडी दिसतच नाही आणि माणूस ती खराब समजतो. खाली ‘हार्ड ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज’ असा वेगळा उपमेनू असतो. तिथे एसएसडी पहिल्या नंबरवर आणली की वरच्या यादीत तिचं नाव उमटतं. यूईएफआय मशीनवर एसएसडीचं नुसतं नाव निवडून भागत नाही, ‘विंडोज बूट मॅनेजर’ ही नोंद निवडायची. ती यादीत नसेल तर बहुतेक वेळा फाइली खरोखरच नसतात, आणि पुढची दुरुस्ती करावी लागते.

बूट फाइली एसएसडीवर लिहिणं

लागणारं साहित्य: ८ जीबी किंवा मोठा पेन ड्राइव्ह, दुसरा चालू कॉम्प्युटर आणि पेन ड्राइव्हवर विंडोजचं इन्स्टॉलेशन तयार करणारं मीडिया क्रिएशन टूल. पेन ड्राइव्ह त्यात पूर्ण पुसला जातो, मुलीच्या लग्नाचे फोटो त्यात नाहीत ना ते बघून घ्या.

पेन ड्राइव्हवरून दुरुस्ती करताना जुनी डिस्क बाहेरच ठेवा. आत ठेवली तर फाइली पुन्हा तिच्यावरच लिहून बसाल.

पेन ड्राइव्हवरून सुरू करताना बूट यादीत त्याचं नाव दोनदा दिसू शकतं, एक ‘यूईएफआय’ असं पुढे लिहिलेलं आणि एक नुसतं. बूट मोड यूईएफआय असेल तर पहिलं निवडा, लेगसी असेल तर दुसरं. भाषा निवडायचा पडदा आला की पुढे जाऊन ‘रिपेअर युअर कॉम्प्युटर’, मग ‘ट्रबलशूट’, मग ‘कमांड प्रॉम्प्ट’. इन्स्टॉल बटण दाबू नका.

आज्ञा खाली वाचायला सोयीच्या म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं, मधल्या जागा आणि तिरप्या रेघा आहेत तिथेच द्या.

डिस्कपार्ट
लिस्ट डिस्क
लिस्ट व्हॉल्यूम

पहिल्या यादीत शेवटच्या जीपीटी रकान्यात एसएसडीपुढे चांदणी असेल तर मशीन यूईएफआय पद्धतीचं, नसेल तर लेगसी. दुसऱ्या यादीत एनटीएफएस आणि आकार बघून विंडोजचं व्हॉल्यूम शोधा. इथली अक्षरं विंडोजमधल्यासारखीच असतील असं नाही, सी म्हणून दुसरंच काही पुढे आलेलं असू शकतं. खात्री करायला डिस्कपार्टमधून ‘एक्झिट’ करून ‘डिर सी:\’ द्या, त्यात विंडोज आणि यूझर्स ही फोल्डर दिसली पाहिजेत. दिसली नाहीत तर पुढचं अक्षर. खालच्या आज्ञांत सी लिहिलंय तिथे तुमचं अक्षर घाला.

यूईएफआयसाठी पुन्हा डिस्कपार्टमध्ये जा आणि विंडोजच्या व्हॉल्यूमचा नंबर, समजा २ असेल, तर असं द्या:

सिलेक्ट व्हॉल्यूम २
श्रिंक डिझायर्ड=३००
क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०
फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२
असाइन लेटर=टी
एक्झिट

श्रिंकने सी ड्राइव्हमधले ३०० एमबी मोकळे होतात, डेटा जागचा हलत नाही. ईएफआय पार्टिशन फॅट३२ असावंच लागतं, एनटीएफएस केलं तर बायोस ते वाचेलच याची खात्री नाही. विंडोजचा सेटअप साधारणपणे १०० एमबीचं बनवतो, २६० दिलं की ४के सेक्टरच्या डिस्कवरही अडत नाही. ‘क्रिएट’ आणि ‘फॉरमॅट’ या दोन आज्ञांच्या मध्ये दुसरं काही सिलेक्ट करू नका. फॉरमॅट हे शेवटी सिलेक्ट झालेल्या पार्टिशनवर चालतं, आणि मध्येच सी निवडलं गेलं तर ते सीवर चालेल. शंका आली तर ‘लिस्ट पार्टिशन’ द्या, चांदणी २६० एमबीच्या पार्टिशनपुढे आहे ना ते बघा, मगच फॉरमॅट.

आता फाइली:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस टी: /एफ यूईएफआय

‘बूट फाइल्स सक्सेसफुली क्रिएटेड’ असं आलं की झालं. पेन ड्राइव्ह काढा, बायोसमध्ये जा, एसएसडीच्या नावासोबतची विंडोज बूट मॅनेजरची नोंद पहिली ठेवा. त्याच नावाची दुसरी नोंद दिसली तर ती जुन्या डिस्कची शिल्लक आहे, राहू द्या.

बरेच जण ‘बूटरेक /फिक्सबूट’ करून बघतात आणि ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’ वर अडकून बसतात. यूईएफआय मशीनवर त्या आज्ञेच्या मागे लागू नका. पार्टिशनच नाही तिथे ती दुरुस्त काय करणार? बीसीडीबूट फाइली विंडोजच्या फोल्डरमधून नव्याने उचलून ठेवतं, म्हणून तेच खात्रीचं.

लेगसी मशीनवर नवं पार्टिशन लागत नाही. सीलाच अ‍ॅक्टिव्ह करायचं:

डिस्कपार्ट
सिलेक्ट डिस्क ०
लिस्ट पार्टिशन
सिलेक्ट पार्टिशन १
अ‍ॅक्टिव्ह
एक्झिट
बीसीडीबूट सी:\विंडोज /एस सी: /एफ बायोस
बूटसेक्ट /एनटी६० सी: /एमबीआर

डिस्क आणि पार्टिशनचे नंबर आपल्या यादीप्रमाणे बदला. आज्ञेतला बायोस हा शब्द इंग्रजीत चार अक्षरी. शेवटची ओळ विसरू नका. विंडोज टाकलं तेव्हा जुनी डिस्क पहिली होती, त्यामुळे एसएसडीच्या अगदी पहिल्या सेक्टरवर बूट कोड कधी लिहिलाच गेला नसण्याची शक्यता असते, तो या ओळीने लिहिला जातो.

जुनी डिस्क अजून आत असून विंडोज चालू असेल तर यातल्या यूईएफआयच्या आज्ञा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये जशाच्या तशा चालतात, पेन ड्राइव्ह लागतच नाही. मग बायोसमधून एसएसडी पहिली करा, मशीन उठलं की डिस्क मॅनेजमेंटमध्ये ‘सिस्टिम’ हा शब्द एसएसडीच्या ओळीत आला का बघा, आणि त्यानंतरच जुनी काढा.

जिथे ही युक्ती थांबते

बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरच्या डेटाला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असलेल्या लॅपटॉपवर बायोसला हात लावायच्या आधी ते सस्पेंड करा, नाहीतर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाईल. लॅपटॉप ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने पहिल्यांदा सुरू केला असेल, त्या खात्यात ती की बहुतेक वेळा असते. ते खातं पुष्कळदा लॅपटॉप विकणाऱ्या दुकानातल्या पोराने बनवलेलं असतं, म्हणून हा शोध आधीच घ्या.

२०१८-१९ च्या काही लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कला तिचा वेग वाढवणारी १६ जीबीची ऑप्टेन मेमरी जोडलेली असते. इंटेलच्या रॅपिड स्टोरेज प्रोग्रॅममधून ऑप्टेन बंद केल्याशिवाय दोहोंपैकी एकही काढू नका.

क्लोन करून एसएसडी बनवली असेल तर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क नक्की बाहेर ठेवा. दोघींची ओळख सारखीच असते, एकत्र दिसल्या की विंडोज एकीला ऑफलाइन करून टाकतं.

लिनक्सवाल्यांची कथा वेगळी. डिस्क काढल्यावर उबुंटू किंवा मिंट दीड मिनिट थांबून ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जात असेल तर /ईटीसी/एफएसटॅब या फाइलीत गेलेल्या डिस्कची ओळ अजून आहे. नॅनो या एडिटरने उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला # लावा. डिस्क कधीमधी जोडणार असाल तर ओळ ठेवून पर्यायांत ‘नोफेल’ लिहा. ‘ग्रब रेस्क्यू’ आला तर मात्र बूट लोडरच गेला आहे. लाइव्ह पेन ड्राइव्हवरून एसएसडीवर ग्रब पुन्हा बसवावं लागेल.

जुन्या डिस्कचं काय

एसएसडीवरून मशीन निदान तीन-चार वेळा पूर्ण बंद करून चालू झालं, एकदा वायर काढून अर्धा तास ठेवूनही चालू झालं, की मगच जुन्या डिस्ककडे वळा. वायर काढून केलेली चाचणी सेलसाठी आहे. जुनी डिस्क पुन्हा डेटासाठी लावणार असाल तर तिच्यावरचं जुनं ईएफआय पार्टिशन उडवा, नाहीतर बायोस परत एकदा तिच्यावरूनच सुरू करायला बघेल. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते पार्टिशन डिलीट होत नाही. डिस्कपार्टमध्ये डिस्क आकारावरून ओळखून सिलेक्ट करा, पार्टिशन सिलेक्ट करा आणि ‘डिलीट पार्टिशन ओव्हरराइड’ द्या. ‘क्लीन’ ही आज्ञा सोपी दिसते, पण ती डिस्कवरची सगळीच पार्टिशनं उडवते, आणि डी ड्राइव्हमध्ये गेल्या पाच वर्षांची आडतीची खाती आहेत हे बहुतेक वेळा एंटर दाबल्यावरच आठवतं.